ग्रेव्ही चाखायची नाही

ज्या बाईने जन्मात कोंबडीचं अंडंसुद्धा फोडलं नव्हतं, तिने मला टर्कीची ग्रेव्ही शिकवली. आणि मी ती शिकले, कारण त्या वर्षी मला एक पक्कं छत हवं होतं.

भिलाईत तेव्हा अर्धा कारखाना जमिनीवर होता आणि अर्धा कागदावर. लाल मुरूम, ट्रक, भोंगा, आणि जिकडे बघावं तिकडे कुठूनतरी आलेली माणसं. आम्ही भंडाऱ्याकडचे, धान पिकवणारे. हे मॅट्रिक झालेले, म्हणून कारकून लागले आणि राहायला कामगारांच्या कॅम्पात पत्र्याची एक खोली मिळाली. पत्र्याची म्हणजे वरूनही पत्रा आणि बाजूनेही पत्रा. थंडी निघून जायची, पण मागच्या उन्हाळ्यात दोन वर्षांच्या आमच्या लेकीला भर दुपारी त्या पत्र्याखाली फीट आली होती. डोळे पांढरे केले, दातखीळ बसली. ओल्या लुगड्यात गुंडाळून मी तिला दवाखान्यापर्यंत पळत नेली. डॉक्टर म्हणाले, उष्णता सोसत नाही हिला, गार जागी ठेवा. गार जागा म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरातलं विटांचं क्वार्टर. अर्ज देऊन वर्ष झालं होतं. होळीच्या आत क्वार्टर मिळालं नाही तर लेकीला गावी सासूकडे सोडायची, असं ठरलं होतं, आणि मला ती सोडायची नव्हती.

ह्यांचं म्हणणं, ऑफिसातल्या साहेबांच्या शब्दाला वजन आहे. साहेबांनी मनावर घेतलं तर उद्या किल्ली हातात.

साहेब नागपूरचे, म्हणजे आपल्याच भाषेतले, पण आपल्या भाषेतल्या साहेबाइतका परका साहेब दुसरा नसतो. ट्रेनिंगसाठी नऊ महिने अमेरिकेत राहून आले होते. बाईसाहेबही बरोबर गेल्या होत्या. नऊ महिन्यांत लोकांना मूल होतं. बाईसाहेबांना झाली एक जाड वही, आणि बोलण्यात दर वाक्याला ‘तिकडे’. तिकडे असं नसतं. तिकडे नोकरसुद्धा बूट घालतात. नागपुरात महाल भागातल्या बोळात वाढलेली बाई, पण इकडचं जग जणू तिने दुर्बिणीतूनच पाहिलेलं होतं. त्या वहीत तिकडच्या घरमालकिणीने सांगितलेले पदार्थ लिहून आणले होते. त्यातले निम्मे मांसाचे. बाईसाहेब स्वतः शुद्ध शाकाहारी. तिकडे नऊ महिने पाव आणि बटाट्यावर काढले, हे त्या मोठ्या अभिमानाने सांगत.

तर ह्या बाईला बड्या दिवसाचं जेवण घालायचं होतं. कोणाला, तर कारखान्यात आलेल्या रशियन तज्ज्ञांना. तिचा हिशेब सरळ होता: गोरे आहेत म्हणजे नाताळ करत असणार. नवऱ्याला कधी विचारलं नाही आणि नवऱ्यानेही रशियनांना विचारलं नाही. साहेब रोज त्यांच्याबरोबर काम करत, पण तेही गोऱ्याचा रंग बघून सण ठरवणारेच निघाले.

आता शाकाहारी घरात टर्की शिजवणार कोण? ऑफिसात विषय निघाला आणि आमच्या ह्यांनी पुढे होऊन सांगितलं, “साहेब, आमची घरवाली कोंबडी लय मस्त करते.” घरी येऊन मला सांगताना छाती फुगलेली. मी म्हटलं, “कोंबडी करतो मी. थे दुसरं जनावर मले काय मालूम?” हे म्हणाले, “एका दिवसाची तं गोष्ट हाय. बाईसायेब सांगतीन तसं करजो. आपल्या क्वार्टरचं होऊन जाईन वो.”

क्वार्टरचं नाव काढलं की मी बोलायची बंद व्हायची, हे ह्यांना ठाऊक होतं.

टर्की कलकत्त्याहून रेल्वेने टोपलीत बसून आली, बड्या दिवसाच्या आठ दिवस आधी. गळ्याला लाल मांस लोंबतंय, डोक्याला टक्कल, आणि चाल अशी की सगळा बंगला आपल्याच बापाचा. जरा कोणी जवळ गेलं की पिसं फुगवून गुरगुरायची. साहेब आणि ती मागच्या अंगणात समोरासमोर उभे राहिले की कोण कोणाकडे पाहुणा आलाय ते कळायचं नाही. बंगल्याचा चौकीदार इकडचा छत्तीसगढी. तो तिच्याकडे बघून मला म्हणाला, “ए चिरई नोहय बाई, बोकरा आय.” म्हणजे हा पक्षी नव्हे, बोकड आहे. रोज सकाळी कॅम्पातून चालत जाऊन तिला तांदळाची कणकी घालायचं कामही माझ्याकडेच आलं. लेकीला शेजारणीकडे ठेवून मी साहेबांच्या पक्ष्याला भरवायला जायची. मनात म्हणायची, खा बाई, तुझ्या मरणावर माझं छत आहे.

स्वयंपाक घरात होणार नव्हता हे सांगायला नकोच. मागे आउटहाउसच्या भिंतीला लागून टाकून दिलेल्या फुटक्या विटा रचून चौकीदाराने भट्टी केली होती, वर ड्रमचं झाकण. भाजायला गवंड्यांचं नवं कोरं घमेलं. भांडी सगळी वेगळी, नंतर चौकीदाराला देऊन टाकायची. आणि बाईसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, नाकाला पदर लावून, हातात वही. तिथून चार पावलं पुढे यायच्या नाहीत. तिथूनच हुकूम.

बुधवारी चौकीदाराने टर्की कापली आणि आम्ही दोघांनी मिळून पिसं काढली. मग वहीचा हुकूम सुटला: पक्षी रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. ठेवला. गुरुवारी सकाळी काढून आतून-बाहेरून पुन्हा मीठ आणि लोणी चोळा. चोळलं. मान, कलेजी आणि पोटा वेगळ्या पातेल्यात पाणी, मीठ, कांदा घालून उकळा. उकळलं. तीन ठिकाणी मीठ पडलेलं मी मोजत होते, वही मोजत नव्हती.

टर्की भट्टीत तीन-साडेतीन तास होती. भाजली चांगली. वरचं कातडं तांबूस झालं, वास सुटला. आमच्या गावात कोणी एवढं मोठं भाजत नाही. पण खरा कार्यक्रम त्यानंतर होता. बाईसाहेबांनी घसा साफ केला आणि वहीतून वाचलं, “आता ग्रेव्ही.” तो शब्द त्यांनी असा काही उच्चारला की जणू मागे आरती चालली आहे.

ग्रेव्ही म्हणजे काय ते मी सांगते. घमेल्यात पक्ष्याची चरबी आणि रस गळून पडलेला असतो, आणि तळाशी तपकिरी होऊन चिकटलेलं असतं. बाईसाहेब म्हणाल्या, “ते तळाचं काळं दिसतंय ना, ते घासून टाकायचं नाही. तेच महत्त्वाचं. तिकडे त्याला फार मान आहे.” मी बघितलं तर खरवड. आमच्या घरोघरी दुधाच्या खरवडीवरून पोरं मारामारी करतात. त्या चरबीत मैदा घालायचा आणि मंद आचेवर खमंग भाजायचा, लाडवाचं बेसन भाजतात तसा. मग कलेजी-पोट्याचं उकळलेलं पाणी हळूहळू ओतत घोटायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. म्हणजे थोडक्यात मैद्याचं पिठलं. लसूण नाही, मिरची नाही, हळद नाही. चिमूटभर काळी मिरी, ती पण भीत भीत. हे शिकायला ही बाई बोटीत बसून समुद्र ओलांडून गेली होती.

मी घोटत होते. पिठल्यावर माझा हात बसलेला, गुठळी कशाला होते? घट्ट, चकचकीत, तपकिरी झाली. तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला, “आता मीठ. टेबलस्पून भरून.”

मी म्हटलं, “बाईसाहेब, मीठ लय झालं. पक्षी रातभर मिठातच होता, उकळलेल्या पाण्यातही हाय.”

“वहीत लिहिलंय.”

“लिवलं असन. पण वास येऊन राहिला मिठाचा. थोडं चाखून पाहू का?”

पदर नाकावरून खाली आला. “चाखायचं नाही. आमच्याकडे पाहुण्यांच्या पानात उष्टं जात नाही. मीठ घाल.”

न चाखण्याची रीत मला कोणी शिकवायला नको होती. नैवेद्याचं आम्हीही चाखत नाही. मरीआईला दाखवायचं असलं की रस्सा कसाही होवो, आधी तिला, मग आम्हाला. पण ती देवी आहे, ती मीठ जास्त झालं म्हणून कोणाचं क्वार्टर अडवत नाही. इथे जेवणारे रशियन. मांस खाणार, दारू पिणार, एकमेकांच्या ताटातलं उचलणार. त्यांच्यासाठी सोवळं पाळत होती ती बाई, जी स्वतः ह्या पदार्थाला काठीनेही शिवणार नव्हती. करणारीने चाखायचं नाही आणि सांगणारी चाखू शकत नाही. अशी ग्रेव्ही जगात दुसरीकडे कुठे झाली असेल असं मला वाटत नाही. असल्या अकलेवर एवढा मोठा कारखाना उभा राहिला, तो राहिला कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बहुतेक कारखान्यात बायकोला विचारत नसावेत.

मी मीठ घातलं. बाईसाहेब नवी साडी नेसायला आत गेल्या.

आता सगळं मला डोळ्यासमोर दिसायला लागलं. ग्रेव्ही पानात जाणार, साहेबांचे पाहुणे तोंड वाकडं करणार, बाईसाहेब म्हणणार, त्या कॅम्पातल्या बाईने नासवलं. वहीला कोणी दोष देत नाही. मग कसलं क्वार्टर? होळी येणार, ऊन तापणार, आणि लेकीला मी गाडीत बसवून सासूकडे पोचवणार. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी थेंबभर ग्रेव्ही तळहातावर घेतली आणि चाटली.

नुसतं मीठ. समुद्र बरा.

मग मी वहीचा नाद सोडला आणि मला जे येत होतं ते केलं. चौकीदाराकडून मूठभर कणीक आणली, घट्ट मळून गोळे केले आणि ग्रेव्हीत सोडले, खारट रश्शात सोडतो तसे. दहा मिनिटांनी काढून टाकले. कोरडा मैदा वेगळा भाजला, साध्या गरम पाण्यात कालवून तिच्यात घातला. पुन्हा तळहात. अजून थोडं पाणी. पुन्हा तळहात. चौथ्या खेपेला बरोबर बसली. आणि चांगली लागली, हे मी आज कबूल करते. इतक्या मूर्खपणातून निघालेली वस्तू चांगली लागावी याचा मला फार राग आला.

पाहुणे बाराला आले, सहा पुरुष आणि दोन बायका, बरोबर एक दुभाष्या. पुढच्या खोलीत बाईसाहेबांनी कापसाचा बर्फ चिकटवलेलं कसलंतरी झाड कुंडीत उभं केलं होतं. मी पडद्यामागून बघत होते. रशियनांतला सगळ्यात वयस्कर उभा राहिला, छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक बोलला, आणि दुभाष्याने हिंदीत सांगितलं की साहेबांच्या घरच्या ह्या हिंदू सणाच्या सर्वांना शुभेच्छा, आम्हाला आपला सण बघायला मिळाला हे आमचं भाग्य. बाईसाहेबांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. साहेबांनी हळूच विचारलं, तुमचा नाही का हा सण? दुभाष्या म्हणाला, नाही, आमचं नवीन वर्ष, ते पुढच्या आठवड्यात. बाईसाहेब म्हणाल्या, “हो, हो, माहीत आहे.” मी पडद्याचा बोळा तोंडात कोंबून हसले. आठवडाभरात तेवढंच एक सुख मिळालं.

पण जेवले मात्र पोटभर. पावाने ताटं पुसली. ग्रेव्हीचं भांडं दोनदा आत येऊन भरून गेलं. तिसऱ्यांदा त्यातली एक जाडजूड, लाल गालांची बाई स्वतःच भांडं घेऊन मागच्या दाराने माझ्याकडे आली. पातेल्यात पावाचा तुकडा बुडवला, अर्धा खाल्ला, डोळे मिटून मान हलवली, आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडापुढे धरला. मी खाल्ला. ती हसली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि भांडं भरून गेली. त्या दिवशी त्या बंगल्यात माणसासारखं वागलेलं ते एकच माणूस.

हे बाईसाहेबांनी उंबऱ्यातून पाहिलं. पाहुण्यांच्या मोटारी निघून गेल्यावर त्या आल्या आणि विचारलं, “तू आधीही चाखली होतीस?”

कणकेचे गोळे तिथेच बाजूला पडलेले होते. खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि मला ते जमतही नाही. मी म्हटलं, “चाखली. नाही चाखली असती तं कोणाच्या घशाखाली गेली नसती.”

त्या म्हणाल्या, “मी नको म्हटल्यावर? माझ्या पाहुण्यांना तू तुझं उष्टं घातलंस. साहेबांच्या कानावर घालते मी हे. तुझ्या नवऱ्याने तोंड वर करून तुझी शिफारस केली होती.”

पाहुण्यांनी भांडं चाटून पुसून नेलं होतं आणि ही बाई मला उष्ट्याचं ऐकवत होती. तोंडात आलेलं मी गिळलं. मला लेकीचे पांढरे झालेले डोळे दिसले. मी म्हटलं, “चुकलं बाईसाहेब. साहेबांना नका सांगू. आमच्या क्वार्टरचं तेवढं बघा.” तेवढ्याने त्यांचं भागेना. अजून काहीतरी हवं होतं. मग मी कान धरले. तेवीस वर्षांची बाई, एका लेकराची आई, चरबीने माखलेल्या हातांनी दोन्ही कान धरून त्या आउटहाउसपुढे उभी राहिले. चौकीदाराने तोंड फिरवलं. बाईसाहेबांचं समाधान झालं. त्या म्हणाल्या, “बरं. उरलेलं घेऊन जा. आता आमच्याकडे कोणाच्या कामाचं नाही.”

ग्रेव्हीचा डबा घेऊन मी कॅम्पात आले तेव्हा चार वाजले होते. हे खाटेवर लेकीला खेळवत बसले होते. बघितल्याबरोबर विचारलं, “सायेब खुश झाले का?” मी डबा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. कान धरल्याचं सांगताना मला रडू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. ह्यांना माझं रडणं कधी सोसायचं नाही. उठले, कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. “रडू नको वो. क्वार्टर भेटलं. हे पाय, सेक्टरातलं. दोन खोल्या.”

मला वाटलं, साहेबांनी लगेच शब्द टाकला. मी म्हटलं, “एवढ्या लौकर?”

“सायबाचं काय हाय त्याच्यात? यादी लागते नोकरीच्या तारखेनं. आपला नंबर आला. सायबाच्या हातात तं काईच नवतं.”

मी विचारलं, “कवा भेटला कागद?”

हे लेकीकडे बघायला लागले. “सोमवारी.”

टर्की बुधवारी कापली होती. मी दोन दिवस तिथे राबून, बोलणी खाऊन, कान धरून आले होते.

“मले कावून नाही सांगितलं?”

“सायबाले जबान देली होती ना मी. आता नाही येत म्हणून कसं सांगू? पुढं कामी पडते मानूस. अन् तुले सांगितलं असतं, तं तू गेली असती का?”

नसते गेले. त्यांना ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर कागद खिशात राहिला.

पुढच्या महिन्यात आम्ही सेक्टरात गेलो. विटांच्या भिंती, सिमेंटचं छत, मागे अंगण. लेकीला त्या उन्हाळ्यात काही झालं नाही आणि ती माझ्याजवळच राहिली. साहेब दोनेक वर्षांत बदलून गेले. ह्यांच्या ते कधी कामी पडले नाहीत.

ही गोष्ट मी आयुष्यात शंभरदा सांगितली असेल, लग्नाकार्यात, हळदीकुंकवात, आणि आता इथे भिलाईतच स्मृती नगरात शेजारणींना. वही, घमेलं, हिंदू सणाच्या शुभेच्छा. लोक पोट धरून हसतात. दर वेळी मी रशियन बाईपाशीच थांबते, कान धरल्याचं सांगत नाही, आणि सोमवारचं तर नाहीच. हे होते तोपर्यंत हेही त्या हसणाऱ्यांत बसून हसायचे, सगळ्यांत मोठ्याने. बाईसाहेबांना नावं ठेवणं मला सोपं होतं, त्या निघून गेल्या होत्या. ज्याला ठेवायची होती त्याला रोज दोन्ही वेळा ताट वाढायचं होतं.